दापोडीच्या बागेतला अनामिक चित्रकार : भारतीय हातांनी वनस्पतिचित्रण कसे आत्मसात केले?

१/
महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढलेला असतो. जीवशास्त्राच्या जर्नलमधले कोरे पान, टोक काढलेली पेन्सिल, एका बाजूला नीट आखलेल्या नामदर्शक रेघा आणि त्यांपुढे लिहिलेले शब्द : निदलपुंज, दलपुंज, पुंकेसरनलिका, अंडाशय. चित्र सुंदर आले की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. चित्र बरोबर आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

२/
‘सुंदर’ आणि ‘बरोबर’ यांतला हा फरक भारतीय चित्रकारांनी एका विशिष्ट काळात, विशिष्ट गरजेपोटी आत्मसात केला. त्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा धडा पुण्याजवळच्या दापोडीत गिरवला गेला. १८४७ ते १८५० या काळात तिथल्या सरकारी बागेतल्या वनस्पतींची अत्यंत काटेकोर रंगीत चित्रे एका चित्रकाराने काढली. चित्रे टिकली, चित्रकाराचे नाव मात्र टिकले नाही. हा धागा त्या चित्रांचा, त्यांच्या मागच्या परंपरेचा आणि त्या हरवलेल्या नावाचा आहे.

३/
आधी एक मूलभूत प्रश्न : वनस्पती ओळखण्यासाठी चित्राची गरज का पडावी? झाडाची डहाळी कागदांत दाबून वाळवली की तिचा आकार बराचसा टिकतो. पण फुलाचा रंग जातो, पाकळ्यांची घडण चपटी होते, मांसल खोडे आणि रसाळ फळे ओळखू येत नाहीत. भारतातल्या पावसाळ्यात तर अशा वाळलेल्या नमुन्यांवर बुरशी आणि कीड तुटून पडे. छायाचित्रणाच्या आधीच्या जगात जिवंत फुलाचा रंग आणि ठेवण टिकवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ते कोमेजण्यापूर्वी कागदावर उतरवणे.

४/
भारतीय चित्रकारांना फुले नवी नव्हती. अजिंठ्याच्या छतांवर कमळे आहेत, लघुचित्रांच्या हाशियांत वेली आहेत. १६२० साली जहांगीर बादशहा काश्मीरच्या वसंतात गेला, तेव्हा उस्ताद मन्सूर या त्याच्या चित्रकाराने तिथली शंभराहून अधिक फुले चितारल्याची नोंद खुद्द बादशहाच्या आत्मवृत्तात आहे. मन्सूरचे निरीक्षण विलक्षण होते. तरीही त्याचे चित्र बादशहाच्या नजरेसाठी होते. पुंकेसर किती आणि ते कोठे जोडलेले आहेत, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नव्हता.

५/
तो प्रश्न विचारणारी माणसे समुद्रमार्गाने आली. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवून घेतला : ‘होर्टस मलाबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅममध्ये १२ खंडांत छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि त्यांचे भव्य ताम्रमुद्रित चित्रफलक आहेत. मल्याळम नावाने जास्वंदही तिथे हजर आहे. शेवटचे खंड निघण्यापूर्वीच, १६९१ मध्ये, रीड वारला. त्याचे थडगे सुरतेत आहे.

६/
मराठी वाचकाने या ग्रंथाच्या पहिल्या खंडाशी अंमळ थांबावे. वनस्पतींचे ज्ञान पुरवणाऱ्या स्थानिक वैद्यांची प्रमाणपत्रे त्यात छापली आहेत. एक इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे आहे. दुसरे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे आहे, आणि ते नागरी लिपीत आहे. साल १६७५, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकाच्या पुढचेच वर्ष. चित्रफलकांवरही वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीत कोरलेली आढळतात.

७/
इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या ग्रंथात ज्ञान देणाऱ्यांची नावे आहेत, परंतु चित्रे काढण्याचे काम मुख्यतः युरोपीय हातांनी केले. पुढच्या दीडशे वर्षांत हे उलटे झाले. चित्रे भारतीय हात काढू लागले आणि ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाचे येऊ लागले.

८/
दरम्यान विज्ञानाने एक मोठे वळण घेतले होते. १७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. त्याच्या वर्गीकरणाचा पाया फुलाच्या जननावयवांवर होता. पुंकेसर किती, ते सुटे की जोडलेले, स्त्रीकेसर किती, यावरून वनस्पतीचा वर्ग ठरे. जास्वंदीचे पुंकेसर एका नळीत जुळलेले असतात, आणि तेवढ्या एका खुणेवर तिचा वर्ग निश्चित होई. याचा चित्रकारासाठी अर्थ सरळ होता : पुंकेसर मोजल्याशिवाय फूल काढता येणार नाही.

९/
ईस्ट इंडिया कंपनीला या मोजणीत रस होता तो व्यापारापायी. औषधे, रंगद्रव्ये, जहाजांचे लाकूड, मसाले, कापूस यांतले काय कोठे उगवते, हे तिला हवे होते. १७८७ मध्ये कलकत्त्याजवळ शिबपूरला कंपनीची वनस्पती-बाग सुरू झाली. १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग तिचा अधीक्षक झाला. त्याआधी कोरोमंडल किनाऱ्यावर असतानाच त्याने भारतीय चित्रकार कामाला लावले होते. त्याच्या देखरेखीखाली अडीच हजारांहून अधिक चित्रे तयार झाली. एक संच बागेत राहिला आणि त्याच्या प्रती लंडनला रवाना झाल्या. निवडक ३०० चित्रफलक १७९५ ते १८२० या काळात ‘कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती’ या ग्रंथमालेत छापले गेले. ती चित्रे काढणाऱ्यांची नावे त्या ग्रंथांत शोधून सापडत नाहीत.

१०/
हे चित्रकार आले कोठून? मोगल दरबाराचा आश्रय आटल्यावर लघुचित्रकारांची घराणी मुर्शिदाबाद, पाटणा, लखनौ अशा ठिकाणी पांगली होती. दक्षिणेत मंदिरांची आणि दरबारांची चित्रकामे करणारे कारागीर होते. सर्वांना नवा गिऱ्हाईक हवा होता. कलकत्त्यात मेरी इंपी या न्यायाधीशपत्नीने १७७७ ते १७८२ या काळात आपल्या घरच्या पशुपक्ष्यांची चित्रे पाटण्याच्या तिघा चित्रकारांकडून काढून घेतली : शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. त्या चित्रांवर त्यांची नावे फारसीत लिहिलेली आहेत, म्हणून ती आज माहीत आहेत. नाव टिकणे हे असे एका ओळीवर अवलंबून असते.

११/
पश्चिम भारतातही असाच एक प्रयोग झाला. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात चित्रकला शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून पुढे आलेला गंगाराम तांबट हा चित्रकार आजही अभ्यासकांच्या आदराचा विषय आहे. वेरूळची लेणी त्याने मोजून-मापून कागदावर आणली आणि पुण्यातल्या गेंड्याचे चित्र प्रत्यक्ष पाहून काढले. समोर जे आहे तेच काढायचे, ही शिस्त दख्खनच्या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीसच अंगी बाणवली होती.

१२/
तिकडे तंजावरात मराठी राजा दुसरे सरफोजी यांनी हीच शिस्त स्वतःच्या दरबारात आणली. युरोपीय विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या राजाने वैद्यकाबरोबर निसर्गविज्ञानालाही आश्रय दिला आणि तंजावरच्या चित्रकारांकडून सजीवसृष्टीची चित्रे काढून घेतली. हे काम कंपनीच्या हुकमावरून चाललेले नव्हते. एका भारतीय राजाला ज्ञानासाठी अशी चित्रे हवी होती, हे या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे.

१३/
आता मुख्य प्रश्नाकडे वळावे. लघुचित्रांत मुरलेला हात वनस्पतिचित्रणाकडे वळला, तेव्हा त्याला नेमके काय शिकावे लागले? पहिली गोष्ट म्हणजे रंगाचा स्वभाव. जुन्या पद्धतीत अपारदर्शक रंगाचे थर देऊन, कागद मागून घोटून, चित्राला झळाळी आणली जाई. नव्या मागणीत रंग पातळ आणि पारदर्शक हवा होता. खालचा कागद उजेडासारखा वापरायचा होता. पांढरा रंग जपून वापरायचा आणि पांढरे फूल पांढऱ्या कागदावर केवळ फिक्या करड्या छायेने उभे करायचे. हे फार कठीण काम आहे. त्या काळच्या उत्तम चित्रांची पारख मोगरा, अनंत, धोतरा यांसारख्या फुलांवरूनच होते.

१४/
दुसरी गोष्ट म्हणजे रिकामी जागा. हाशिया नाही, मागे टेकडी नाही, खाली जमीन नाही. कोऱ्या कागदाच्या मधोमध एकच डहाळी. शोभेसाठी एक पान वाढवायचे नाही आणि गर्दी होते म्हणून एक पान गाळायचेही नाही. पाने समोरासमोर येतात की आळीपाळीने, हे त्या डहाळीवरून वाचता आले पाहिजे.

१५/
तिसरी गोष्ट म्हणजे माप. वनस्पती शक्यतो नैसर्गिक आकारात काढायची. कागदात मावत नसेल तर ती मोडून दुमडलेली दाखवायची, पण लहान करायची नाही. अगदी बारीक भाग मात्र भिंगाखाली पाहून वाढवून काढायचे. एकाच पानावर दोन मापे आणि दोन्ही खरी. लघुचित्राच्या कारागिराला या दुसऱ्या कामात उपजत गती होती. खारीच्या केसांच्या कुंचल्याने पापणीचा केस रंगवणाऱ्याला परागकोष रंगवणे जड गेले नसणार.

१६/
काम चाले ते घड्याळाशी शर्यत लावून. पहाटे तोडलेली डहाळी पाण्यात ठेवायची. आधी फूल, कारण तेच प्रथम मान टाकते. रंगाचे ठिपके कागदाच्या कडेला नोंदवून ठेवायचे. मग पेन्सिलीची हलकी रेघ, मग पातळ रंगाचा पहिला हात, तो वाळल्यावर दुसरा, शेवटी शिरा, लव आणि काटे. हिरवा रंग बहुधा पिवळा आणि निळा मिसळूनच साधायचा, आणि पानाच्या वरच्या व खालच्या बाजूचा हिरवा वेगळा असतो हे विसरायचे नाही. चकचकीत पानांवर डिंकाचे पाणी फिरवले की लकाकी येई.

१७/
यानंतर येई तो भाग, जो मन्सूरच्या चित्रांत नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ फूल चिरून भिंगाखाली धरी आणि चित्रकार ते पाहून पानाच्या तळाशी एकेक अवयव सुटा मांडी : एक पुंकेसर, उघडलेला परागकोष, अंडाशयाचा आडवा छेद, त्यातले कप्पे, बी आणि बीमधला गर्भ. इथे दोघे एकाच टेबलाशी बसत. एकाला काय पाहायचे ते ठाऊक होते आणि दुसऱ्याला ते कसे दाखवायचे ते. बहुतेक वेळा शास्त्रज्ञाला चित्र काढता येत नसे आणि चित्रकाराला लॅटिन वाचता येत नसे. त्या दोघांच्या मधल्या जागेत ही कला घडली.

१८/
या सहकार्याचे सर्वोत्तम उदाहरण मद्रास इलाख्यात सापडते. रॉबर्ट वाइट हा स्कॉटिश डॉक्टर आणि त्याचे दोन चित्रकार, रंगय्या व गोविंदू. १८२० च्या दशकापासून रंगय्याने आणि १८४५ च्या सुमारास त्याची जागा घेणाऱ्या गोविंदूने वाइटसाठी अखंड काम केले. वाइटने चित्रे छापण्यासाठी शिळाछापाचे तंत्र स्वतः शिकून घेतले. १८३८ ते १८५३ या काळात त्याने सहा खंडांत दोन हजारांहून अधिक चित्रफलक प्रसिद्ध केले. चित्रफलकांवर चित्रकारांची नावे छापण्याची सवय त्याने ठेवली, म्हणून ही दोन नावे इतिहासाला मिळाली.

१९/
कलकत्त्याच्या नॅथॅनियल वॉलिचनेही आपल्या चित्रकारांची नावे छापली. १८३० ते १८३२ दरम्यान निघालेल्या त्याच्या तीन भव्य खंडांत विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही नावे वारंवार भेटतात. ब्रह्मदेशातल्या ज्या ‘उर्वशी’ वृक्षाची लाल झुंबरे मुंबईच्या राणीच्या बागेत वृक्षप्रेमी आवर्जून पाहायला जातात, त्या वृक्षाला जगापुढे आणणारा हाच ग्रंथ.

२०/
आणि एक नाव जे मिळाले नाही. १८४० च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या शिमोग्यात ह्यू क्लेगहॉर्न हा तरुण डॉक्टर होता. रोज एका वनस्पतीचा पाव तास अभ्यास करावा, असा सल्ला त्याला मिळाला होता. तो त्याने मनावर घेतला आणि वनस्पती चितारण्यासाठी एक मराठी चित्रकार नेमला. ती चित्रे आजही जपलेली आहेत. चित्रकाराची ओळख मात्र ‘एक मराठी माणूस’ याच्या पुढे जात नाही. क्लेगहॉर्न पुढे मद्रास इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याचा डोळा ज्या चित्रांवर तयार झाला, ती या अनाम माणसाची होती.

२१/
आता दापोडी. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळचे हे ठिकाण पेशवाईच्या अखेरीस कवायती पलटणीचा तळ म्हणून गाजले. तिथल्या फोर्ड या अधिकाऱ्याचा बंगला १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने सरकारसाठी विकत घेतला. तो गव्हर्नरांचा पुण्याकडचा निवास झाला आणि त्याला लागूनच मुंबई इलाख्याची वनस्पती-बाग उभी राहिली.

२२/
१८३० च्या दशकाच्या अखेरीस ही बाग अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या हाती आली. बागेचे काम शोभेचे नव्हते. लष्करी इस्पितळांना लागणारी औषधे परदेशातून आणण्याऐवजी इथेच पिकवावीत, नवी पिके रुजतात का ते पाहावे, रोपे आणि बियाणे वाटावे, हे तिचे उद्दिष्ट होते. जुन्नरजवळच्या हिवरे इथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. गिब्सन गावोगाव फिरे. कोकण आणि घाटमाथ्यावरची झाडे बेसुमार तुटत आहेत आणि त्याबरोबर झरे आटत आहेत, हे त्याने सरकारला सातत्याने कळवले. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

२३/
त्याच वर्षी दापोडीतल्या चित्रांचे काम सुरू झाले. पुढच्या तीन वर्षांत तयार झालेली सुमारे १७० चित्रे आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या राजकीय वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आहेत. देशी झाडांच्या सोबतीला जगभरातून आणून दापोडीत रुजवलेल्या वनस्पतीही त्यांत आहेत. त्यामुळे ही चित्रे म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या एका मराठी मुलखातल्या बागेची हजेरीपत्रिकाच आहे. बाहेरून आलेले कोणते झाड कधी इथे पोचले होते, याचा रंगीत पुरावा.

२४/
चित्रकाराबद्दल एवढेच समजते की तो इंडो-पोर्तुगीज समाजातला होता. त्या काळच्या इंग्रजी लेखनात ‘पोर्तुगीज’ हा शब्द गोवा, वसई आणि मुंबई इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी सर्रास वापरला जाई. म्हणजे हा माणूस याच किनारपट्टीचा असण्याची शक्यता मोठी आहे. लष्करी इस्पितळांसाठी औषधांची बाग चालवणारा एक स्कॉटिश डॉक्टर, पश्चिम किनाऱ्यावरचा एक ख्रिस्ती चित्रकार आणि दापोडीच्या मळ्यातले मराठी माळी, अशा तिघांच्या कष्टांतून ही चित्रे उभी राहिली. नाव तिघांपैकी एकाचेच उरले.

२५/
नावे का हरवली? यामागे दरवेळी दुष्टावा होता असे नाही. सरकारी हिशेबात चित्रकार हा पगाराच्या यादीतला एक आकडा होता. चित्र हे वर्णनाला जोडलेले साधन समजले जाई आणि साधन बनवणाऱ्याची नोंद ठेवण्याची रीत नव्हती. ज्या कारागीर-परंपरेतून अनेक चित्रकार आले, तिथेही सही करण्याचा प्रघात सार्वत्रिक नव्हता. पण वाइट आणि वॉलिच यांनी त्याच काळात, त्याच कंपनीच्या नोकरीत नावे छापली. म्हणजे नोंद करणे अशक्य नव्हते. ज्यांनी केली नाही, त्यांना ती आवश्यक वाटली नाही, एवढेच.

२६/
या प्रश्नाचे वजन भावनेपुरते नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव कोणत्या तरी ठोस पुराव्याला बांधलेले असते. बहुधा तो पुरावा म्हणजे वाळवलेला नमुना असतो. पण नमुना नसेल वा नष्ट झाला असेल, तर जुने चित्रच तो पुरावा ठरू शकते. लिनियसने ‘होर्टस मलाबारिकस’मधल्या चित्रफलकांचा आधार घेतला होता. रॉक्सबर्गने दिलेली काही नावे आज त्याच्या चित्रकारांच्या चित्रांवर उभी आहेत. म्हणजे जगातला कोणीही शास्त्रज्ञ आज ते नाव वापरतो, तेव्हा शेवटचा साक्षीदार असतो तो कोरोमंडलचा एक अनाम चित्रकार. त्याने पुंकेसर चुकीचे मोजले असते, तर चूकही तितकीच टिकली असती.

२७/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या शिक्षणाचे स्थान बदलले. मद्रासला १८५० मध्ये आणि कलकत्त्याला १८५४ मध्ये कलाशाळा निघाल्या, मुंबईत १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. बापाकडून मुलाकडे जाणारा हात आता वर्गात, फळ्यासमोर तयार होऊ लागला. १८६१ मध्ये गिब्सन आणि निकोल डॅल्झेल यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. त्याच दशकात गव्हर्नरांसाठी गणेशखिंडीत नवा वाडा उभारला गेला आणि दापोडीचे महत्त्व संपले. गणेशखिंडीतल्या त्याच वास्तूत आज पुणे विद्यापीठ आहे.

२८/
पुढे भारतीय नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही आली. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार. त्यांनी बामनदास बसू यांच्यासह सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा सचित्र ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये अलाहाबादला प्रसिद्ध झाला. ‘होर्टस मलाबारिकस’मधल्या तीन वैद्यांच्या नागरी प्रमाणपत्रापासून इथपर्यंतचा प्रवास सुमारे अडीचशे वर्षांचा आहे.

२९/
कॅमेरा आल्यावर ही कला संपायला हवी होती. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण तंत्रात दडलेले आहे. छायाचित्र एका क्षणी एकाच झाडाचे असते, किडलेल्या पानासकट आणि सावलीसकट. वनस्पतिचित्र मात्र अनेक झाडे पाहून त्या जातीचे सर्वसाधारण रूप मांडते. कळी, फूल, फळ आणि बी, जे निसर्गात एका वेळी क्वचितच दिसतात, ते एका पानावर एकत्र येतात. अनावश्यक ते गळते आणि ओळखीची खूण उठून दिसते. म्हणूनच नवी जाती जाहीर करणाऱ्या शोधनिबंधांत आजही हाताने काढलेली रेखाचित्रे छापली जातात.

३०/
दापोडीची चित्रे दीर्घकाळ एडिंबरोच्या कपाटांत होती. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा ती जगासमोर आली. रंगय्या आणि गोविंदू यांच्यावरही त्यानेच विस्ताराने लिहिले. उशिरा का होईना, चित्रकार हाच विषय झाला.

३१/
शेवटी गोविंदूची एक गोष्ट. वाइटने आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या खंडात, १८५३ मध्ये, एका ऑर्किडच्या प्रजातीला आपल्या चित्रकाराचे नाव दिले : ‘गोविंदूइया’. वनस्पतिशास्त्रात एखाद्याचा असा सन्मान होणे ही मोठी गोष्ट. पुढे असे ठरले की ती वनस्पती आधीच वर्णिलेल्या ‘ट्रॉपिडिया’ प्रजातीतलीच आहे. नियमाप्रमाणे जुने नाव उरले आणि ‘गोविंदूइया’ पर्यायी नावांच्या यादीत गेले. तिथे ते आजही वाचता येते.

३२/
जर्नलमधल्या जास्वंदीच्या पानावर तपासणाऱ्या शिक्षकांची सही असते. काढणाऱ्याचे नाव वहीच्या मुखपृष्ठावर असते, आणि पान सुटे झाले तर ते पानाबरोबर जात नाही. दापोडीच्या चित्रकाराचे नेमके हेच झाले. त्याची पाने सुटी झाली, समुद्रापार गेली आणि नीट जपली गेली. मुळा-पवनेच्या काठी तीन वर्षे एकेक फूल कोमेजण्याआधी पूर्ण करणारा तो माणूस मात्र पुण्याच्या इतिहासात अजून नाव मिळण्याची वाट पाहतो आहे.